घाटावरून पाहिलेला रेवदंडा

रेवदंडा हे गाव किल्ल्याच्या पोटात वसले आहे. अलिबागहून मुरुडकडे जाणारा रस्ता जुना तट ओलांडून आत येतो, नारळ-पोफळीच्या वाड्यांमधून गाव पार करतो आणि कुंडलिकेच्या खाडीवरच्या पुलाने पलीकडे उतरतो. पलीकडे समुद्रात घुसलेला एक लांबट डोंगर आहे. त्याच्या माथ्यावर कोर्लईचा किल्ला, पायथ्याशी कोर्लई गाव आणि गावात माउंट कार्मेल माउलीचे चर्च. खाडीच्या या तोंडाशी पोर्तुगीजांनी दोनशे वर्षांहून अधिक काळ एक शहर चालवले. त्यात रस्ते होते, दुमजली हवेल्या होत्या, चर्च आणि मठ होते. आज त्या जागी माड उभे आहेत आणि माडांच्या गर्दीतून मध्येच एखादी कमान, एखाद्या मनोऱ्याचा सांगाडा वर आलेला दिसतो.

ही गोष्ट बहुतेकदा समुद्राच्या बाजूने सांगितली जाते. जहाजे आली, फिरंगी उतरले, क्रूस उभा राहिला. मी जळकोटचा. नळदुर्ग सोडून उमरग्याकडे निघाले की लागणारे हे गाव समुद्रापासून फार लांब. पण रेवदंड्याचा इतिहास वाचू लागलो तर आमच्याच मुलखातली नावे सारखी समोर येत राहतात: तेर, परंडा, सोलापूर, नळदुर्ग, बिदर, अहमदनगर, विजापूर. माझे मत असे झाले आहे की ते शहर समुद्रावर उभे राहिले खरे, पण त्याला जगवणारा आणि शेवटी विझवणारा हात घाटावरचा होता. म्हणून ही हकीकत घाटाच्या माथ्यावरून सांगतो.

पोर्तुगीज येण्याच्या दीड हजार वर्षे आधीपासून हे बंदर चालू होते. कान्हेरीच्या लेण्यांतल्या शिलालेखांत चेमुलच्या दानशूर रहिवाशांची नावे आहेत. चेमुल म्हणजेच चौल. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासपुस्तकात कल्याणच्या पुढच्या बंदरांत चौल येते आणि त्याच पुस्तकात दख्खनच्या दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून पैठण आणि तगर यांची नावे येतात. तगर म्हणजे आपल्या धाराशिव जिल्ह्यातले तेर. तिथले कापड गाड्यांवर लादून अवघड वाटांनी किनाऱ्याकडे जात असे. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी मसूदी चौलला आला. राष्ट्रकूटांच्या राज्यात, सिराफ, ओमान, बसरा आणि बगदादकडून येऊन इथे स्थायिक झालेल्या मुसलमानांची संख्या त्याने दहा हजार सांगितली आहे. चौलमध्ये तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी होती असे तिथले लोक अजून सांगतात. आकडा मोजून आलेला नसेल, पण रामेश्वराच्या देवळासमोरच्या पुष्करिणीच्या काठी थोडा वेळ बसले की ही परंपरा कशी निर्माण झाली असेल ते समजते.

पुढची कथा घोड्यांची आहे. दख्खनच्या हवेत चांगल्या जातीचे घोडे निपजत नसत आणि घोडदळाशिवाय दख्खनमध्ये राज्य टिकत नसे. म्हणून अरबस्तान आणि इराणमधून घोडे समुद्रमार्गे येत. १४६९ च्या सुमारास अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी चौलला उतरला, तोही एक घोडा सोबत घेऊन. तो घाट चढून जुन्नरला गेला. तिथल्या खानाने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदललास तरच परत देईन असे सुनावले. एका खुरासानी माणसाच्या रदबदलीने घोडा परत मिळाला आणि निकितीन बहमनी राजधानी बिदरला पोचला. आळंदच्या उरुसात भरणाऱ्या घोड्यांच्या मोठ्या बाजाराचे वर्णन त्याने केले आहे. ते आळंद आमच्या जळकोटपासून फार लांब नाही. रेवदंड्यात आज निकितीनच्या स्मरणार्थ एक स्तंभ उभा आहे.

बहमनी राज्य फुटले आणि चौल अहमदनगरच्या निजामशाहीच्या वाट्याला आले. त्याच सुमारास पोर्तुगीज अरबी समुद्रावर आपला हक्क सांगू लागले. त्यांचा परवाना नसलेले जहाज ते लुटत किंवा बुडवत. हे मोडून काढण्यासाठी इजिप्तच्या सुलतानाने अमीर हुसेनच्या हाताखाली आरमार पाठवले. दीवचा मलिक अयाज त्याला येऊन मिळाला. १५०८ च्या मार्चमध्ये या आरमाराने पोर्तुगीजांना चौलच्या खाडीत गाठले. पोर्तुगीज ताफ्याचा प्रमुख लोरेन्सू द अल्मेडा हा व्हाइसरॉयचा मुलगा. त्याचे जहाज कोळ्यांनी खाडीत रोवलेल्या मासेमारीच्या खुंटांत अडकले आणि तो तिथेच मारला गेला. वर्षभरात बापाने वाटेत दाभोळ बंदर जाळले आणि दीवजवळ त्या आरमाराचा धुव्वा उडवला. समुद्रावर आता पोर्तुगीजांना आव्हान देणारे कोणी उरले नाही, हे अहमदनगरच्या दरबारालाही कळून चुकले.

म्हणून १५२१ मध्ये जे घडले ते नीट समजून घ्यायला हवे. पोर्तुगीज गव्हर्नर दियोगु लोपिश द सिकैरा याला चौलजवळ किल्ला बांधायची परवानगी मिळाली ती पहिल्या बुऱ्हाण निजामशहाकडून. निजामशहाशी लढाई झाली नाही, जागा हिसकावली गेली नाही. निजामशहाला विजापूरशी लढण्यासाठी घोडे हवे होते आणि घोड्यांच्या वाटा पोर्तुगीजांच्या ताब्यात होत्या. चौलमार्गे घोडे येत राहतील या भरवशावर त्याने खाडीच्या तोंडाशी जमीन दिली. त्याच बुऱ्हाणच्या दरबारात गार्सिया द ओर्ता या गोव्याच्या पोर्तुगीज वैद्याची उठबस होती. ओर्ताने १५६३ मध्ये भारतीय औषधींवर जे पुस्तक छापले त्यात या राजाचा उल्लेख मैत्रीच्या भाषेत येतो. म्हणजे घाटावरचा सुलतान आणि किनाऱ्यावरचे फिरंगी एकमेकांना नुसते सहन करत नव्हते. एकमेकांचा उपयोग ओळखून वागत होते.

यातून जोडशहर उभे राहिले. खाडीच्या आतल्या बाजूला निजामशाहीचे वरचे चौल आणि समुद्राकडे पोर्तुगीजांचे खालचे चौल, म्हणजे आजचा रेवदंडा. वरच्या चौलमध्ये विणकर रेशीम आणि सूत विणत आणि खालच्या चौलमधून ते कापड होर्मुझ, पूर्व आफ्रिका आणि पोर्तुगालकडे जात असे. कापडाखेरीज लाखकामाच्या लाकडी वस्तूंनाही मागणी होती. १५८३ मध्ये इथे आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्याने ही दोन शहरे वेगवेगळी नोंदवली आहेत. माडाच्या एकाच झाडापासून तेल, दोर, माडी आणि घरावरचे छप्पर मिळते याचे त्याला भारी नवल वाटले. शेणाने सारवलेल्या भिंतीही त्याने टिपल्या आहेत.

खालच्या शहराचे रस्ते चर्चच्या दिशेने जात. किल्ल्याजवळ मुख्य चर्च होते, पुढे फ्रान्सिस्कन पंथाचा मठ, डोमिनिकन पंथाचा मठ, नंतर जेझुइट आणि ऑगस्टिनियन. फ्रान्सिस झेवियर इथे येऊन प्रवचने देत असे, असे सांगतात. त्याच्या नावाचे एक छोटे प्रार्थनाघर आजही पाहता येते. फ्रान्सिस्कनांच्या सांता बार्बरा चर्चचा मनोरा गावकऱ्यांच्या तोंडी सातखणी झाला. वरचे मजले पडले तरी बाकीचा मनोरा माडांच्या शेंड्यांवर डोके काढून उभा आहे आणि गलबतवाल्यांना दुरून दिसणारी खूण म्हणून तो पुढेही उपयोगी पडत राहिला.

या रस्त्यांवर फक्त पोर्तुगीज राहत नव्हते. पोर्तुगालहून बायका फारशा येत नसत. शिपाई इथल्याच स्त्रियांशी लग्न करत आणि त्यांची मुले अर्धी इथली, अर्धी तिकडची होऊन वाढत. नव्याने ख्रिस्ती झालेले कोळी, भंडारी, कुणबी होते. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेली माणसेही घरोघर होती. धर्मांतराच्या बाबतीत गुळमुळीत बोलण्यात अर्थ नाही. सवलतींचे आमिष होते, दडपण होते, पोर्तुगीज हद्दीत देवळांवर आणि उघड पूजेवर बंदी होती, आणि १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय बसले होते. खाडीच्या आतल्या बाजूला रामेश्वराची घंटा वाजत होती ती जागा निजामशहाच्या अमलात होती म्हणून.

१५६५ च्या तालिकोटच्या लढाईने सगळा तोल बदलला. विजयनगर पडले आणि घोड्यांचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक नाहीसे झाले. दख्खनच्या सुलतानांना पोर्तुगीजांची पूर्वीइतकी गरज उरली नाही. शिवाय मनात बरेच साचले होते: परवान्यांची जबरदस्ती, पकडलेली जहाजे, मक्केला निघालेल्या यात्रेकरूंना होणारा त्रास. विजापूरचा पहिला अली आदिलशहा, अहमदनगरचा मुर्तजा निजामशहा आणि कालिकतचा सामुतिरी यांनी गुप्तपणे हातमिळवणी केली. गोवा आदिलशहाने घ्यायचे, चौल निजामशहाने आणि मलबारातले चालियमचे ठाणे सामुतिरीने. ज्यांच्या वैरावर पोर्तुगीजांनी पन्नास वर्षे आपले राजकारण चालवले, ते अहमदनगर आणि विजापूर प्रथमच त्यांच्याविरुद्ध एक झाले होते. या जवळिकीला एका लग्नाचा आधार होता. मुर्तजाची बहीण चांदबिबी अली आदिलशहाला दिलेली होती आणि सोलापूरचा किल्ला तिच्याबरोबर हुंड्यात गेला होता. भाऊ चौलवर आणि नवरा गोव्यावर, अशी ती मोहीम.

१५७० च्या अखेरीस निजामशाही फौज घाट उतरली. फरहादखान, इखलासखान यांच्यासारखे हबशी सरदार तिच्यात अग्रभागी होते. शहराच्या आत हबशी माणूस घरातला गुलाम होता आणि शहराबाहेर तोच फौजेचा सेनापती. दख्खनची ही गोष्ट युरोपी लेखकांना चमत्कारिक वाटली असेल. आपल्याकडे मलिक अंबरपर्यंत ती नित्याची होती. पोर्तुगीज लेखकांनी या फौजेचा आकडा लाखाच्या वर नेला आहे. विजय मोठा दिसावा म्हणून शत्रू मोठा करण्याची रीत तेव्हाही होती, म्हणून तो आकडा जपूनच घ्यावा. फौज मोठी होती आणि तिच्याबरोबर जड तोफा होत्या, एवढे निश्चित. अहमदनगरची तोफा ओतण्याची विद्या किती पुढे गेली होती ते पाहायचे असेल तर मलिक-ए-मैदान पाहावी. ती १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली, आपल्या परंड्याच्या किल्ल्यावर बरीच वर्षे राहिली आणि पुढे विजापूरला गेली.

गोव्यात व्हाइसरॉय लुईश द अताईद स्वतःच वेढ्यात होता. चौल सोडून द्यावे असा सल्ला त्याला मिळाला. त्याने तो मानला नाही आणि फ्रान्सिस्कू मश्करेन्यस याच्याबरोबर चौलला कुमक पाठवली. चौलचा कप्तान होता लुईश फ्रैरी द अंद्राद. त्या वेळी शहराला तट नव्हता. किल्ला लहान, समुद्राकडचा. बाकीच्या गल्ल्या जमिनीच्या बाजूने सताड उघड्या. मग गल्ल्यांच्या तोंडाशी मातीचे बांध आणि खंदक उभे राहिले. घरांच्या भिंतींना भोके पाडून बंदुका रोखल्या गेल्या. शहराच्या कडेचा फ्रान्सिस्कन मठ दोन्ही बाजूंना हवा होता. तोफांनी त्याची चाळण झाल्यावर पोर्तुगीजांनी तो सोडला. त्यानंतरची लढाई घराघरातली होती. एका हवेलीत पोर्तुगीज, शेजारच्या हवेलीत निजामशाही शिपाई, मध्ये एक भिंत. भिंतीखाली सुरुंग पेरले जात आणि घर आतल्या माणसांसकट उडवले जाई. कधी सुरुंग पेरणारेच त्यात सापडत.

तरी शहर पडले नाही, आणि त्याचे कारण पाण्यात आहे. निजामशहाने जमिनीची बाजू आवळली, पण त्याच्याकडे आरमार नव्हते. गोव्याहून, वसईहून दाणागोटा, दारूगोळा आणि माणसे येतच राहिली. दुसरे कारण इतिहासकार फिरिश्ता देतो. तो पुढे मुर्तजाच्याच नोकरीत होता, म्हणून त्याचे म्हणणे दुर्लक्ष करण्याजोगे नाही. निजामशाही अंमलदारांना पोर्तुगीज दारू आणि नजराणे पोचवत आणि हे अंमलदार रात्री रसद आत जाऊ देत, असे त्याने लिहिले आहे. १५७१ च्या जूनअखेरीस शेवटचा मोठा हल्ला झाला. तो फसला आणि जुलैत तह झाला. गोव्याचा वेढाही निष्फळ ठरला; एकट्या सामुतिरीने चालियम जिंकले.

आज रेवदंड्याचा जो तट दिसतो तो या वेढ्याचा परिणाम आहे. उघड्या गल्ल्यांची किंमत कळली आणि सगळ्या शहराला भिंत घालण्याचे काम सुरू झाले. तटाने शहर वाचवले आणि बंदिस्तही केले. वरच्या चौलशी असलेला रोजचा सैल संबंध दरवाजांमधून आणि पहाऱ्यांमधून जाऊ लागला.

दुसरी झुंज पलीकडच्या डोंगरासाठी झाली. कोर्लईच्या डोंगरावर ज्याची तोफ, त्याची खाडी. मुर्तजाचा भाऊ दुसरा बुऱ्हाण निजामशहा याने १५९० नंतर तिथे भक्कम किल्ला बांधायला घेतला आणि रेवदंड्यावर मारा सुरू केला. सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी खाडी ओलांडून हल्ला केला. निजामशाही सैन्य मागे हटत किल्ल्यात शिरत असताना एक हत्ती दरवाजातच कोसळला आणि दरवाजा लावता येईना, असे पोर्तुगीज वृत्तान्तांत आहे. किल्ला पडला. पुढच्याच वर्षी बुऱ्हाण वारला, वारसांची भांडणे लागली, मोगल अहमदनगरच्या दारात आले आणि विजापूरहून परतलेल्या चांदबिबीला तिथला किल्ला लढवावा लागला.

सतराव्या शतकात रेवदंड्याचे वैभव झिजत गेले. कोणी ते लुटले नाही; त्याला पोसणारा मुलूखच हलला. १६३६ मध्ये निजामशाही संपली. वरचे चौल आदिलशहाकडे आणि मग शिवाजी महाराजांकडे आले. व्यापार सुरतेकडे वळला. १६६१ च्या पोर्तुगीज-इंग्रज विवाहसंबंधातून मुंबई इंग्रजांना मिळाली आणि काही वर्षांतच त्यांनी चौलच्या विणकरांना तिकडे बोलावून त्यांच्यासाठी घरांची रांग उठवली. ज्या मागांवर खालचे चौल श्रीमंत झाले ते माग खाडी सोडून गेले. मला या सबंध इतिहासात हा क्षण सर्वांत निर्णायक वाटतो, कोणत्याही वेढ्यापेक्षा. १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेने चौलला वेढा घातला तेव्हाही तटाने दाद दिली नाही. पण तटाच्या आत राखण्यासारखे दिवसेंदिवस कमी होत होते.

शेवट पुण्याने केला. मे १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली. कोर्लईवर सुभानराव माणकर गेले. उत्तरेचा सारा पोर्तुगीज मुलूख गेल्यावर चौल एकटे ठेवणे गोव्याला परवडणारे नव्हते. पोर्तुगीजांनी ते इंग्रजांना देऊ केले. इंग्रजांनी ते घेतले नाही आणि कॅप्टन इंचबर्ड याच्यामार्फत मध्यस्थी केली. १७४० च्या तहाने रेवदंडा आणि कोर्लई मराठ्यांना मिळाले आणि पोर्तुगीज गलबते गोव्याकडे निघून गेली. कोर्लईच्या काही बुरुजांना नवी नावे मिळाली. वसईच्या मोहिमेत मिळालेल्या चर्चच्या घंटा आज भीमाशंकर, मेणवली, नाशिक अशा ठिकाणी देवळांत टांगलेल्या आहेत.

रेवदंड्यात चर्चची छपरे गेली, मठांच्या अंगणात वाड्या झाल्या, चिऱ्यांनी विहिरी आणि घरे बांधली गेली. बेने इस्राएल ज्यूंनी १८४२ मध्ये इथे आपले सिनेगॉग बांधले. गावाच्या आळ्या जुन्या रस्त्यांच्या खुणांवरून जातात आणि कित्येक वळणांवर एकदम काळवंडलेली उंच भिंत समोर येते. बाहेरच्यांना हे गाव आज जास्त ओळखीचे आहे ते नानासाहेब धर्माधिकारी यांच्या बैठकीमुळे.

श्रीमंत पोर्तुगीज गेले. गरीब ख्रिस्ती राहिले. ज्यांच्याकडे गोव्याला जायला पैसा किंवा तिथे कोणी आप्त नव्हते, असे शिपायांचे, चाकरांचे वंशज खाडीपलीकडे कोर्लईच्या पायथ्याशी एकत्र वसले. भातशेती करू लागले. त्यांची पोर्तुगीजपासून झालेली बोली आजही घरात बोलली जाते. तिला ते नॉ लिंग म्हणतात, आपली भाषा. बोलणारे हजाराच्या आतबाहेर आहेत. शब्द पोर्तुगीज असले तरी क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी या बोलीचा अनेक वर्षे अभ्यास केला. ती टिकली कशी याचे उत्तर गावाच्या रचनेत सापडते. हे लोक धर्माने हिंदू शेजाऱ्यांपासून वेगळे होते, मुसलमान शेजाऱ्यांपासूनही वेगळे होते, आणि लग्ने आपसातच होत. गोव्याशी आणि लिस्बनशी संबंध तुटल्यामुळे प्रमाण पोर्तुगीजने तिला मागे ओढले नाही. मराठीने मात्र चहूबाजूंनी तिला घडवले.

हा वेगळेपणा आता संपत आला आहे, आणि तो संपावा यात वाईट काही नाही. मुले मराठी शाळेत शिकतात, तरुण नोकरीसाठी मुंबईला जातात, लग्ने गावाबाहेर होऊ लागली आहेत. बोली मात्र त्याबरोबर आक्रसते आहे. रेवदंड्याच्या तटाची डागडुजी उद्या करता येईल, सातखणीला आधार देता येईल. कोर्लईच्या म्हाताऱ्यांची गाणी आणि गोष्टी आज ध्वनिमुद्रित केल्या नाहीत तर उद्या ते करता येणार नाही, आणि हे काम परदेशी विद्वानांवर सोपवून आपल्या विद्यापीठांना मोकळे होता येणार नाही.